पहाटेची गाडी आणि गरम मुठी

आमचे आप्पा रोज पहाटे साडेचारला दुधाचे दोन कॅन गाडीला अडकवून निपाणीला रतीब घालायला जातात. चिकोडी-निपाणी रस्त्यावर आमचं गाव आहे. पाऊस असो, धुकं असो, खाडा नाही. गेल्या डिसेंबरात एकदा घरी आले ते न बोलता चुलीपुढं बसले. हात जाळावर धरले. बोटांची टोकं पांढरी पडलेली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "अरं, उसाची ट्रॉली हुती पुढं. मागं लाइट न्हाई, काय न्हाई. ब्रेक दाबला खरा, पण दाबतोय का न्हाई तेच कळंना झालतं."

कारखाने चालू झाले की आपल्या भागात बिनदिव्याच्या ट्रॉल्या किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढं जाते. बोटं अर्धा सेकंद उशिरा वळली तर सात मीटर गेले, म्हणजे एक ट्रॉलीभर अंतर. त्या दिवशी आप्पा वाचले ते कडेच्या मातीत गाडी घातली म्हणून.

मी बीएस्सीला. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हटल्यावर घरात फ्यूज उडाला तरी मलाच हाक मारतात. म्हटलं, आपण आप्पांच्या गाडीला हीटेड ग्रिप बसवू. लडाखला जाऊन आलेल्या बेळगावच्या पोरांकडून ऐकलं होतं. हँडलची मूठ आतून तापते, बटण दाबलं की झालं. पण ते वाटलं तितकं सोपं निघालं नाही. माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी थंडीचं बघू. चिकोडी काही काश्मीर नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरावर येतो, एखाद्या कडक आठवड्यात दहाच्या आसपास. मग बोटं बधिर का होतात? वाऱ्यामुळं. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा उडवून लावतो. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली स्वीकारलेलं एक सूत्र आहे, त्यात आकडे घालून पाहिले. हवा १० अंश आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला साडेपाच अंशांसारखं वाटतं. लडाखात उणे १० ला हाच वेग धरला तर उणे २२ च्या जवळ. आपल्याकडं वर धुकं असतं, हातमोजे ओले होतात, आणि ओल्या मोज्यातलं पाणी वाळताना हाताचीच ऊब घेतं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की बोटांची चपळाई कमी व्हायला लागते. आप्पांना "कळंना झालतं" ते यामुळंच.

आता एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मूठ तापते ती तळहाताच्या बाजूनं. वारा लागतो तो हाताच्या पाठीवर. म्हणजे पुढनं वारा हात थंड करतोय आणि मागनं आपण वीज जाळून तो गरम करतोय. दार उघडं ठेवून शेगडी पेटवल्यासारखंच हे. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी वारा अडवा. बाजारात हँडलला बसवायची कव्हरं मिळतात, उत्तरेकडं सर्रास वापरतात. आईनं जुन्या रेक्झिनच्या पिशवीची घरीच शिवली, आतनं स्वेटरचं कापड लावून. शिवताना दोन गोष्टी बघायच्या. हात झटकन बाहेर निघाला पाहिजे. आणि वेगात वाऱ्यानं कव्हर मागं ढकललं जाऊन ब्रेकच्या लिव्हरवर दाब येता कामा नये. नुसत्या कव्हरांनीच आप्पांचा निम्मा त्रास गेला. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागेल, असं माझं मत आहे.

तरी ग्रिप घ्यायचीच असेल तर प्रकार दोन. एक, अख्खी मूठच तापणारी. जुनी काढायची, ही बसवायची. ऑक्सफर्ड, कोसो अशा कंपन्यांचे संच येतात, त्यात उष्णता कमी-जास्त करायचं बटण असतं. वस्तू टिकाऊ, पण किंमत हजारांत. दुसरा प्रकार म्हणजे मुठीच्या रबराखाली चिकटवायच्या पातळ पट्ट्या. स्वस्त, आणि मूठ आपल्या आवडीची ठेवता येते. वरून गुंडाळायचेही काही मिळतात, पण ते मुठीवर फिरतात, आणि ॲक्सिलरेटरच्या बाजूला फिरणारी वस्तू मला नको वाटते. मी पट्ट्या घेतल्या.

दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही असा खरा प्रश्न पुढंच आहे: गाडीला ही वीज परवडते का?

आप्पांची गाडी शंभर सीसीची. बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवर. म्हणजे ३ अँपिअरचा भार टाकला तर कागदावर एक तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. चालू गाडीत इंजिनावरचा कॉइल वीज तयार करतो, पण ती मोजकीच. त्यातली ३५ वॅट हेडलाइटला जाते, आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना तर हेडलाइट बंद करायची सोयच नाही. माझ्या पट्ट्यांचा रोध मल्टीमीटरनं मोजला, तर प्रत्येकी ८ ओहम भरला. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे १९६ भागिले ८, एका पट्टीला साडेचोवीस वॅट. दोन्हींचे ४९. हेडलाइटहून मोठा दिवा रात्रंदिवस लावल्यासारखं ते झालं.

'रात्रंदिवस' हा शब्द मी उगीच वापरला नाही. नाताळच्या सुट्टीत पट्ट्या बसवल्या. उत्साह दांडगा, त्यामुळं तारा सरळ बॅटरीला जोडल्या आणि मध्ये एक साधं बटण टाकलं. पहिल्या दिवशी आप्पा खूश. घरी आले, किल्ली काढली, बटण विसरले. किल्ली काढली की गाडी बंद, ही आयुष्यभराची सवय. मुठी मात्र परसात दिवसभर तापत राहिल्या, बॅटरी संपेपर्यंत. दुसऱ्या पहाटे गाडी चालू होईना. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीची बॅटरी मेली तरी किक मारली की भागायचं. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातल्या पेट्रोल पंपाला आणि कंट्रोल युनिटला वीज लागते. बॅटरी पार बसली तर किक मारून पाय दुखतो, बाकी काही होत नाही. कॅन भरून तयार, आणि गाडी धक्क्यालाही दाद देईना. शेजारच्या काकांची गाडी मागून आप्पा गेले तेव्हा उजाडलं होतं. तीन घरांनी त्या दिवशी पिशवीचं दूध घेतलं. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग नीट अभ्यास केला. दोन दुरुस्त्या केल्या.

पहिली दुरुस्ती रिलेची. मुठींची वीज किल्लीच्या हुकमात आणायची. पण किल्लीच्या मागच्या बारीक तारेतून साडेतीन अँपिअर ओढले तर ती तापते. म्हणून मध्ये रिले. शेतात मोटारीचा स्टार्टर असतो तसंच हे. छोटं बटण दाबायचं, मोठा प्रवाह दुसऱ्याच तारेतून जातो. रिलेला चार पाय असतात, त्यांवर आकडे कोरलेले. ३० ला बॅटरीच्या प्लसची तार, वाटेत फ्यूज. ८७ वरून मुठींना. ८६ ला किल्ली चालू केल्यावरच वीज येणारी एखादी तार, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची. ८५ अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला. साडेतीन अँपिअरच्या भाराला ५ चा फ्यूज पुरतो, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. कारण तार घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग रामभरोसे असतो. मूळ वायरिंग कापू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.

दुसरी दुरुस्ती मला स्वतःला जास्त आवडली. पट्ट्या आधी समांतर जोडल्या होत्या, म्हणजे एका पाटावर दोन वाफे आणि दोन्हींना स्वतंत्र दार. त्या आता एकापुढं एक जोडल्या. एका वाफ्यातून पाणी दुसऱ्यात. रोध ८ चा १६ झाला, प्रवाह एक अँपिअरच्या आत आला, आणि एकूण शक्ती ४९ वरून सव्वाबारा वॅटवर. बरोबर चौथाई. साधारण एका इंडिकेटरच्या बल्बएवढी. एवढ्यानं मूठ 'गरम' होत नाही, कोमट होते. पण वारा कव्हरानं अडवलेला असल्यामुळं कोमट पुरतं. लडाखला हे चालणार नाही. तिथं पूर्ण ताकद हवी, आणि ती पेलणारी मोठी गाडीही.

तुमच्या गाडीला काय परवडतं ते मोजूनच ठरवा. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबाराच्या थोडी वर दाखवते. इंजिन चालू करून रेस नेहमीच्या वेगाएवढी धरली की साडेतेरा ते साडेचौदा. आता मुठी चालू करा. आकडा १३ च्या खाली येऊन घसरतच राहिला तर तुम्ही बॅटरी खाताय. आमच्या गाडीवर समांतर जोडणीत तो साडेबारावर आला. नव्या जोडणीत १३.६ वर थांबला.

बसवायच्या कामात खरी जपणूक उजव्या मुठीची. ती फिरते, म्हणून तिच्या तारेला सैल वळसा ठेवायचा. पूर्ण पिळली तरी तार ताणली जाऊ नये आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकू नये. मूठ आणि स्विचच्या डबीमध्ये दोनेक मिलिमीटर फट हवी, नाहीतर रबर डबीला घासतं आणि ॲक्सिलरेटर परत येत नाही. गोंद आतल्या प्लास्टिकच्या नळीत गेला तरी तेच. डावीकडची अडचण वेगळी. तिथं पट्टी थेट लोखंडी पाइपवर बसते आणि पाइप ऊब पिऊन टाकतो, म्हणून डावी मूठ नेहमी थंड लागते. पट्टीखाली पाइपवर उष्णतारोधक वेष्टण चढवलं की फरक पडतो. जुनं रबर काढताना खाली तेल सोडू नका, पुढं मूठ गरगर फिरेल. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालतं, ते उडून जातं. पट्टीच्या जाडीमुळं नवी मूठ सरकत नसेल तर दोन मिनिटं गरम पाण्यात घाला.

सगळं झालं की गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि हँडल डावीकडून उजवीकडं पूर्ण वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर कुठंतरी केबल किंवा तार ओढली जातीय. ॲक्सिलरेटर पिळून सोडा, टक्कन परत आला पाहिजे. या दोन्हींत पास होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका. माझी पहिल्या खेपेला नापास झाली. फट ठेवायला विसरलो होतो.

हातमोज्यांचं एक राहिलं. तळहाताकडं पातळ आणि पाठीकडं जाड असेच घ्या. तळहाताचा मोजा जाड असला तर मुठीची ऊब बोटांपर्यंत पोचतच नाही. आणि घरात कुणाला जुना मधुमेह असेल, बोटांची जाणीव कमी असेल, तर पूर्ण ताकदीची मूठ देऊ नका. चटका बसतोय हे त्यांना कळणार नाही.

आता होळी झाली की मी कनेक्टर सोडवतो, टोकांना टेप गुंडाळतो आणि रिले पावसात भिजू नये म्हणून सीटखाली सरकवतो. दिवाळीनंतर पुन्हा जोडायचं. यंदा जोडत होतो तेव्हा आप्पा शेजारी उभे होते. म्हणाले, "बटण ऱ्हाऊ दे आता. किल्ली काढली की बंद हुतंय न्हवं?"

किल्ली लावली, काढली, दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून बघितलं आणि कॅन धुवायला गेले.