कवितेच्या चाकरीत : ओटमार श्योक

ल्यूसर्न सरोवराच्या काठी ब्रुनेन येथे १ सप्टेंबर १८८६ रोजी एका निसर्गचित्रकाराच्या घरी जन्मलेल्या ओटमार श्योक या स्विस संगीतकाराने आरंभी पित्याप्रमाणे कुंचलाच हाती धरला होता. पण झुरिकच्या संगीतशाळेने आणि त्यानंतर लाइपझिग येथे माक्स रेगरपाशी केलेल्या अल्पकालीन अध्ययनाने त्याचा मार्ग कायमचा मुक्रर झाला. पोटासाठी त्याने झुरिकच्या गायकवृंदांची चाकरी केली, १९१७ पासून १९४४ पर्यंत सांक्ट गालेनच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. मात्र रचनेपुरती निश्चिंतता त्यास लाभली ती वेर्नर राइनहार्ट या विंटरटूरच्या रसिक व्यापाऱ्याने १९१६ पासून बांधून दिलेल्या वर्षासनामुळे.

श्योकची खरी निष्ठा कवितेवर होती. त्याच्या शेकडो गीतांत सूर शब्दांना कधी ढकलीत नाहीत. मेरी द सेंगर या पियानोवादिकेशी जडलेला आणि १९२३ मध्ये तुटलेला स्नेह ‘एलेगी’ या गीतमालेत उतरला खरा, परंतु चरित्रकारांनी त्या प्रकरणाचा केलेला बोभाटा संगीताच्या दृष्टीने गौण आहे. त्याहून विलक्षण म्हणजे १९२६ ची ‘जिवंत पुरलेला’ ही रचना. गॉटफ्रीड केलरच्या चौदा कवितांतील नायक शवपेटीत जागा होतो, बाहेरची चाहूल घेतो आणि आपल्या ताठरलेल्या हाती दिलेला गुलाब भुकेने खाऊन टाकतो. एवढ्या भयंकर प्रसंगातही केलरने राखलेला कडवट विनोद श्योकने एकट्या बॅरिटोन गायकाच्या आणि विशाल वाद्यवृंदाच्या साह्याने, हुंदक्याच्या आहारी न जाता, अखेरपर्यंत सांभाळला आहे. १९३५ मध्ये झुरिक येथे जेम्स जॉइसने ती ऐकली आणि तो भारावून गेला. १९२७ मध्ये ड्रेस्डेनला रंगभूमीवर आलेल्या ‘पेंथेसिलेया’ या संगीतिकेत श्योकने व्हायोलिनांचा ताफाच वर्ज्य करून अवघी चार एकल व्हायोलिने ठेवली आणि दहा क्लॅरिनेटांस पाचारण केले: क्लाइस्टच्या नाटकातील रणोन्मत्त राणीस मधुर आवाज शोभला नसताच.

पुढे मात्र विवेक डळमळला. आयखेनडॉर्फच्या कथेवरील ‘ड्युरांदेचा गड’ या संगीतिकेची संहिता हेरमान बुर्टे या नाझीपक्षपाती लेखकाची, आणि पहिला प्रयोग १ एप्रिल १९४३ रोजी युद्धग्रस्त बर्लिनमध्ये! स्वदेशी त्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि तो अकारण नव्हता. कलावंताच्या राजकीय भोळेपणाची सबब त्या वर्षी, त्या शहरात मान्य करण्याजोगी राहिलेली नव्हती. १९४४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्याने संचालन सोडले. ८ मार्च १९५७ रोजी झुरिक येथे तो निवर्तला.

तो दोष खाती जमा राखूनही गीतांचा संगीतकार म्हणून त्याची पायरी खाली येत नाही, असे माझे मत आहे. ज्या वाचकास श्योकचा परिचय करून घ्यावयाचा असेल त्याने संगीतिकांपासून नव्हे, तर १९३१ ते १९३३ या काळात बॅरिटोन आणि चार तंतुवाद्यांसाठी रचलेल्या ‘नोत्तुर्नो’पासून आरंभ करावा.