एकादशीचा उपवास आणि दिवे घाटाची चढण

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघणारी श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्यास दोन मुक्काम करिते आणि बहुधा वद्य एकादशीलाच सासवडची वाट धरिते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारें २५० किलोमीटरांची वाटचाल आहे. तींतील ही मजल सर्वांत लांब, सुमारें ३० किलोमीटरांची. तिच्या उत्तरार्धांत दिवे घाटाची चढण आणि पोटीं एकादशीचा उपवास. या गोष्टी एका दिवशीं जुळून आल्या आणि वर आकाश कोरडें राहिलें, म्हणजे वारकऱ्याच्या शरीराची कशी परीक्षा होते, हें समजून घेण्यासारखें आहे. ज्यांच्या घरचीं वडील माणसें दर वर्षीं खांद्यावर पताका घेऊन निघतात, त्या श्रोत्यांना तर तें समजलेंच पाहिजे.

वारी म्हटली कीं पाऊस, अशी आपली समजूत असते. परंतु वारी चालते चंद्राच्या तिथीनें, आणि पाऊस येतो सूर्याच्या गतीनें. आषाढी एकादशी कधीं जूनच्या अखेरीस येते, तर कधीं जुलैच्या उत्तरार्धांत. पुण्यास मोसमी पाऊस सरासरीनें जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पोहोंचतो. तिथि लवकर आली आणि पाऊस लांबला, म्हणजे वारकऱ्यास उन्हाळाच गांठतो. २०२३ सालीं असेंच झालें. पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली व १४ जूनला घाट चढली. त्याच वेळीं अरबी समुद्रांत ‘बिपरजॉय’ नांवाचें चक्रीवादळ घोंघावत होतें. तें १५ जूनला गुजराथच्या किनाऱ्यावर आदळलें. दक्षिण कोंकणांत पोहोंचलेला पाऊस तेथेंच अडून राहिला आणि मुंबईस तो २५ जूनला आला. शिवाय पुरंदरचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. ढगांचें बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रितें होतें.

हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. श्रीतुकाराममहाराजांची पालखी सोलापूरच्या रस्त्यानें लोणी काळभोरकडे जाते; माउलींची पालखी दक्षिणेस वळून वडकीवरून घाटाच्या पायथ्याशीं येते. तेथें रथास बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. पुण्याहून पहाटे निघालेला वारकरी येथें पोहोंचतो तेव्हां सूर्य माथ्यावरून कललेला असतो, पण काळा पाषाण आणि डांबरी रस्ता हे दिवसभर शोषलेली उष्णता परत टाकूं लागलेले असतात. दाट गर्दीमुळें वारा अंगास लागत नाहीं, ही त्यांत आणखी भर.

आतां शरीराचा हिशेब पाहूं. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य सपाटीवर तासाला ५ किलोमीटर चालला, तर त्याच्या शरीरांत सुमारें २०० उष्मांक खर्च होतात, व त्यांतील बहुतेक भाग उष्णतेच्या रूपानें उरतो. ही उष्णता बाहेर गेलीच नाहीं, तर तासाभरांत अंगाचें तापमान सुमारें ४ अंशांनीं वाढेल. तें वाढत नाहीं, याचें श्रेय घामास आहे. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला, तर तो सुमारें ५८० उष्मांक घेऊन जातो. मात्र घाम वाळला पाहिजे. अंगावरून नुसता ओघळून गेलेला घाम थंडावा देत नाहीं. म्हणून दमट, निवाऱ्याच्या जागीं तितक्याच उन्हांत मनुष्य अधिक लवकर थकतो. चढणीवर व उन्हांत घामाचा खर्च कितीतरी वाढतो, आणि घामाबरोबर मीठहि जातें.

येथें उपवासाचा प्रश्न येतो. एक दिवस भाकरी न मिळाल्यानें निरोगी शरीराचें फारसें अडत नाहीं. सांठविलेल्या मेदावर तें चालतें. अडतें तें पाण्यावांचून आणि मिठावांचून. शेंगदाणे, साबूदाणा, बटाटे, केळीं हा फराळ जो करितो व पाणी पीत राहतो, त्याचा उपवास त्यास बाधत नाहीं. पण कित्येक वडील माणसें या दिवशीं निर्जळी राहतात. तें मात्र जिवावर बेतणारें आहे. उतारवयांत तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां घोट घोट पाणी घेत जावें. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या लघवीचें प्रमाण वाढवितात, आणि मधुमेहाचें औषध उपाशीं पोटीं घेतल्यास रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते. अशांनीं निघण्यापूर्वींच आपल्या वैद्यास विचारून घ्यावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलें, कीं गेलेल्याची भरपाई करणारें पेय तयार होतें. एकादशीला सैंधव चालतें. त्याची अडचण कोणास वाटूं नये.

डोकें दुखणें, पायांत गोळे येणें, मळमळणें ह्या पहिल्या सूचना होत. मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या खाऊं लागला, अंग तव्यासारखें तापलें, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळीं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलें असतें. त्यास सावलींत नेऊन कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

एवढ्या मोठ्या समुदायांत हें लक्षांत कोण घेणार? त्याचें उत्तर वारीच्या रचनेंतच आहे. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकरांनीं या सोहळ्यास शिस्त लावून दिली. रथापुढें २७ दिंड्या, बाकीच्या रथामागें; प्रत्येकीस आपला क्रमांक, प्रत्येकींत वीणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया. अभंगाच्या ठेक्यावर पडणारें पाऊल घाई करीत नाहीं व रेंगाळतहि नाहीं. ठरलेल्या जागीं विसांवा होतो. ओळींतला एक टाळ थांबला, तर शेजारच्यास तें तत्काळ कळतें. धोका अधिक असतो तो दिंडी सोडून एकटेच पुढें निघणाऱ्यांस. म्हणून आपल्या वडिलांस वारीला धाडतांना त्यांच्या दिंडीचा क्रमांक लिहून ठेवावा, त्यांच्या औषधांची यादी त्यांच्या खिशांत घालावी आणि दिंडीप्रमुखास ती दाखवून ठेवावी.

संध्याकाळीं पालखी सासवडास पोहोंचते. तेथें सोपानदेवांची समाधि आहे, आणि मुक्काम दोन रात्रींचा. मोठ्या मजलेनंतर येणारा हा एक दिवसाचा विसांवा शरीरास फार मोलाचा असतो. त्या दिवशीं पाय धुवावे, फोड आले असल्यास बांधावे, पोटभर जेवावें, भरपूर पाणी प्यावें आणि झोंप घ्यावी. पुढें जेजुरी आहे, वाल्हें आहे, नीरा ओलांडावयाची आहे. पंढरी अद्याप दूर आहे.