एका छायाचित्रात दोन उजेड

फिल्मचा कॅमेरा बहुतेक घरांतून कपाटात जाऊन पडला होता. अलीकडे तरुण मुलेमुली तोच बाहेर काढून हौसेने वापरू लागली आहेत. हौस स्तुत्य आहे. मात्र फिल्म महाग, रिळात फोटो ३६, आणि रीळ धुऊन आल्यावाचून काय निघाले ते कळत नाही. मुंजीत आजीने नातवाच्या झोळीत भिक्षा घातली तो क्षण काळा निघाला, तर तो पुन्हा घेता येत नाही. घरातील समारंभाचे असे फोटो बिघडतात ते बहुधा फ्लॅशपायी.

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश. शास्त्रीय मराठीत त्यास उद्भासन म्हणतात. शब्द चांगला आहे, पण फोटोच्या दुकानात तो उच्चारून उपयोग नाही. भिंगाचे छिद्र, म्हणजेच अपर्चर, केवढे आणि शटर किती वेळ उघडे, या दोहोंवर ते ठरते. छिद्राच्या आकड्यांत २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशा दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तितके छिद्र लहान. शटरचे १/३०, १/६०, १/१२५ हे आकडेही तसेच निम्म्याने उतरतात. फिल्मचा आयएसओ अंक, म्हणजे जुन्या मंडळींचा एएसए, तिची तत्परता सांगतो.

हे झाले सूर्यप्रकाशाचे गणित. फ्लॅश आला की ते बदलते, आणि हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा लखलखाट साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही अल्प काळ टिकतो. शटर १/६० उघडे असो की १/१५, तो त्यात मावतोच. म्हणजे फ्लॅशच्या उजेडापुरता शटरच्या वेळेचा संबंध सुटतो. उरतो तो छिद्राचा आणि अंतराचा. फ्लॅशचा गाइड नंबर म्हणजे या दोहोंचा गुणाकार. गाइड नंबर २८, फिल्म १०० ची आणि माणूस ५ मीटरवर असेल, तर २८ भागिले ५, म्हणजे छिद्र ५.६. माणूस साडेतीन मीटरवर आला की ८.

अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. म्हणूनच पंगतीच्या एका टोकाशी उभे राहून फोटो घेतला, की जवळचा वाढपी पांढराफटक आणि शेवटच्या पानावरचे काका अंधारात! समूहाचा फोटो घ्यावयाचा तर मंडळींना एकामागे एक दाटीने उभे न करता कॅमेऱ्यासमोर कमानीत उभे करावे.

शटर मात्र अगदीच मोकळे नाही. एसएलआर कॅमेऱ्यात दोन पडदे एकामागून एक सरकतात. वेग फार ठेवला तर पहिला पुरता उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो, आणि फोटोचा एक भाग काळा राहतो. ज्या सर्वांत वेगवान गतीला संपूर्ण चौकट उघडी असते, ती सिंक गती. पेंटॅक्स के-१००० मध्ये ती १/६० आहे, तर १९८२ च्या निकॉन एफएम-२ मध्ये १/२००. एकेकाळी बडोद्यात तयार होणाऱ्या आगफा क्लिक-३ ला शटरची गती एकच. तेथे छायाचित्रकाराच्या हाती मुख्यतः अंतरच राहत असे. जुन्या कॅमेऱ्यावर 'एम' आणि 'एक्स' अशा दोन खुणा असल्यास इलेक्ट्रॉनिक फ्लॅश 'एक्स'लाच जोडावा. 'एम' ही एकदाच पेटणाऱ्या बल्बची जागा. तेथे आपला फ्लॅश शटर उघडण्यापूर्वीच विझून जातो.

मग सिंक गतीहून संथ शटर कशासाठी? दुसऱ्या उजेडासाठी. चेहरा उजळतो फ्लॅशने. मागची समई, दिव्यांच्या माळा आणि मांडव उमटतात ते शटर उघडे राहील त्या मानाने. १/६० वर मागे काळोख दिसत असेल तर १/१५ वर तेच दिवे दिसू लागतात. परंतु तेवढ्या वेळात हात हलतो, नवरी पाऊल टाकते, आणि तिच्यामागे पुसट छाया उमटते. माझ्या मते १/३० वर थांबावे. माळा जरा मंद आल्या तरी चालतील.

भर दुपारीही फ्लॅशचे काम पडते. फेट्याची सावली नवरदेवाच्या डोळ्यांवर येते. १०० च्या फिल्मला कडक उन्हात १/६० व २२ लागते. आपला २८ चा फ्लॅश दोन मीटरवरून १४ मागतो. छिद्र २२ वरच ठेवून तो उडविला, तर त्याचा उजेड पायरीभराहून किंचित अधिक उणा पडतो. सावली पुसली जात नाही, हलकी होते, आणि फेट्याखालचे डोळे दिसू लागतात.