रोधात साठवलेले शिकणे

न्यूरल नेटवर्क शिकते म्हणजे त्यातले लाखो आकडे थोडेथोडे बदलत जातात. दोन कृत्रिम चेतापेशींमधला दुवा किती बळकट, हे सांगणाऱ्या अशा आकड्याला भार म्हणतात. नेहमीच्या संगणकात हे भार मेमरीत 0 आणि 1 च्या रूपात पडून असतात आणि गुणाकारासाठी ते प्रोसेसरपर्यंत आणावे लागतात. पुष्कळदा गुणाकारापेक्षा या ने-आणीतच जास्त वीज जाते. ॲनालॉग स्मृतिघटकात ही ने-आण नाही, कारण तिथे घटकाचा रोध हाच भार.

कल्पना जुनी आहे. फ्रँक रोझेनब्लाट यांच्या ‘मार्क 1 परसेप्ट्रॉन’ या शिकणाऱ्या यंत्रात भार साठवायला पोटेन्शिओमीटर होते, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा भाग तो हाच. यंत्राचे उत्तर चुकले की विजेची मोटर तो फिरवी. 1960 मध्ये बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी मोटरची गरजच संपवली. त्यांच्या ‘मेमिस्टर’मध्ये द्रावणात बुडवलेल्या पेन्सिलीच्या शिसावर तांब्याचा मुलामा चढे. मुलामा चढला की रोध कमी, उतरला की जास्त.

आजच्या चिपवर आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक छेदावर एक घटक. आडव्या तारांना विभवांतर दिले की ओहमच्या नियमानुसार प्रत्येक घटकातून त्याच्या वाहकतेच्या, म्हणजे रोधाच्या व्यस्ताच्या, प्रमाणात धारा वाहते, म्हणजे गुणाकार झाला. उभ्या तारेत या सगळ्या धारा एकत्र येतात, म्हणजे बेरीजही झाली. हजारो गुणाकार एकाच वेळी उरकतात. ऋण भार हवा असल्यास दोन घटकांची जोडी लावून एकाची धारा दुसऱ्यातून वजा करतात.

असा घटक बनवायला अवाढव्य कारखानाच लागतो असे नाही. लिऑन चुआ यांनी 1971 मध्ये गणिताने मांडलेला मेमरिस्टर, म्हणजे आपला रोध लक्षात ठेवणारा घटक, एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने 2008 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये दाखवला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे आणि सहकाऱ्यांनी 2015 च्या सुमारास तो टंगस्टन ऑक्साइडपासून केला. विद्युतवाहक थराची काच तापवायची आणि तिच्यावर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. पाणी उडून जाते, ऑक्साइडचा पातळ थर काचेवर राहतो. वर चांदीचा संपर्क दिला की घटक तयार. साध्या साधनांनी केलेल्या या कामाचे मोल मोठे आहे.

खरी अडचण रोध बदलण्याच्या रीतीत आहे. पुष्कळ ऑक्साइडांमध्ये थराच्या आरपार एक अतिसूक्ष्म वाहक तंतू जुळतो, आणि तो एकदम जुळतो. चालू-बंद मेमरीला तेवढे पुरते. शिकताना मात्र भार जरा-जराच सरकावा लागतो, आणि वर जाताना जेवढा, तेवढाच खाली येताना. म्हणूनच पवईच्या आयआयटी मुंबईत उदयन गांगुली यांच्या गटाने प्रासिओडिमियम, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्या संयुगावर, म्हणजे पीसीएमओवर, भर दिला. त्यात तंतू बनत नाही; बदल थराच्या बऱ्याच भागात पसरतो आणि रोध टप्प्याटप्प्याने हलतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2024 मध्ये रेणूंच्या पातळ थरात रोधाच्या सुमारे 16,500 वेगवेगळ्या पातळ्या साठवून दाखवल्या.

शिवाय दोन घटक कधी हुबेहूब सारखे निघत नाहीत आणि साठवलेला रोध काळानुसार सरकतो. त्यामुळे सध्या बहुधा शिकवणी डिजिटल संगणकावर उरकून तयार भार चिपवर उतरवतात. बोललेले शब्द ओळखणारी आयबीएमची 2023 मधली साडेतीन कोटी घटकांची चिप याच रीतीची. चिपवरच शिकवायचे तर रोध दोन्ही दिशांना सारख्याच पावलांनी सरकायला हवा, आणि प्रयोगशाळांचा शोध सध्या त्याच गुणासाठी चालू आहे.