वाघ्या, वॉलाय आणि चार अंशांचं पाणी

बसा बाळांनो, आणि तो नकाशा इकडे पसरा. परवाना मिळाला असं तुमच्या बाबांनी सांगितलं. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर दोन कनू होड्या, आपण पाच जण आणि आपला कुत्रा वाघ्या असे बाउंडरी वॉटर्सला निघणार. सामानाची यादी तुम्ही केली आहे, ती पाहिली मी. तीन प्रकारची बिस्किटं लिहिली आहेत आणि पक्कड लिहिलेली नाही! यादी राहू द्या बाजूला. आधी कुणाच्या घरी पाहुणे म्हणून चाललोय ते ऐका, मग यादी आपोआप होईल.

हा मुलूख मिनेसोटाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला टेकलेला. जवळजवळ साडेचार हजार चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तळी. 1964 पासून कायद्याने राखलेला, आणि 1978 च्या कायद्यानंतर बहुतेक तळ्यांवर मोटारीची होडी बंद. आत रस्ता नाही. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी डोक्यावर घ्यायची आणि रानवाटेनं चालायचं. या वाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. ॲल्युमिनियमची कनू चौतीस किलो भरते आणि केव्हलारची वीसच्या आत-बाहेर. भाडं जास्त पडलं तरी केव्हलारचीच घ्या. माझी मान सत्तरीची आहे.

तिथे पाय ठेवाल तो खडक बघा. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, आणि आपण त्याला केवढा म्हातारा समजतो! ईली गावाजवळचा हिरवट खडक 270 कोटी वर्षांचा आहे. त्यावरून मैलभर जाडीचं बर्फ सरकत गेलं, खडक खरवडला, आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी वितळून मागे हटलं. खरवडलेल्या खळग्यांत पाणी साचलं, तीच ही तळी. म्हणून काठावर माती थोडी आणि दगड फार. तंबूच्या खुंट्या जागोजागी दगडावर आपटतात. जास्तीची दोरी घ्या, तंबू झाडांना आणि धोंड्यांना ताणून बांधता येतो.

आता मुख्य गोष्ट. लेक ट्राउट मासा कुठे सापडेल असं थोरल्याने विचारलं होतं ना? त्याचं उत्तर पाण्याच्या एका विचित्र स्वभावात आहे. बहुतेक पदार्थ जितके थंड तितके जड होतात. पाणी तसं नाही. चार अंश सेल्सिअसला ते सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होऊ लागतं, आणि बर्फ तर तरंगतंच. म्हणून हिवाळ्यात तळं वरून गोठतं आणि तळाशी चार अंशांचं पाणी टिकतं. मासे त्यातच हिवाळा काढतात. पाणी हट्टानं उलटं वागलं नसतं, तर तळं तळापासून गोठत वर आलं असतं, आणि मग कसले मासे नि कसलं काय.

वसंतात बर्फ गेलं की वरचं पाणी तापत तापत चार अंशांवर येतं. त्या दिवसांत वरचं आणि खालचं पाणी एकाच वजनाचं असतं, म्हणून वारा सगळं तळं ढवळून काढतो. प्राणवायू थेट तळापर्यंत पोचतो. उन्हाळ्यात मात्र वरचं पाणी कोमट, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही मिसळत नाहीत. पोहताना वर ऊब आणि पायाला एकदम गारठा लागतो, तो याच थरांचा. कोकणात आपण हे इतकं ठळक पाहत नाही, कारण तिथलं पाणी चार अंशांपर्यंत कधी उतरतच नाही.

लेक ट्राउटला दहा अंशांच्या आसपासचं आणि भरपूर प्राणवायूचं पाणी हवं. मेमध्ये तो काठाजवळ असतो, जुलैत खोल जातो. सप्टेंबरच्या मध्याला वरचं पाणी गार व्हायला लागलेलं असतं, पण थर अजून मोडलेले नसतात. म्हणजे आपल्याला खोल गळ सोडावा लागेल.

मेमध्येच का नाही जायचं? कारण तेव्हा काळ्या माश्या. माणसाला चावतात तशा वाघ्याच्या पोटावर आणि कानांतही चावतात, आणि माश्या पळवायला आपण लावतो ते डीट कुत्र्याला विषारी. सप्टेंबरात ही पीडा बरीच ओसरलेली असते. ट्राउट थोडा लांब गेला तरी चालेल.

शिवाय आपल्याला खरं खायला हवा तो वॉलाय. हा मिनेसोटाचा राज्यमासा. त्याचा डोळा पाहाल तर दचकाल, पांढुरका, काचेसारखा. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे एक आरसा असतो. पडद्यातून निसटलेला उजेड त्या आरशावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो, म्हणजे एकच किरण दोनदा वापरायला मिळतो. वॉलाय ज्याला खातो त्या पर्च माशाकडे असा आरसा नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की पर्च चाचपडतो आणि वॉलायला सगळं दिसत असतं. मग जेवण कुणाचं होणार ते सांगायला नको. म्हणून त्याला धरायची वेळ सूर्य बुडताना, सात-सव्वासातच्या सुमाराला, नाहीतर पहाटे. भर दुपारी शांत पाण्यात गळ टाकून बसणारा उगाच ऊन खातो.

धाकटे, रात्री टॉर्च मारलीस की वाघ्याचे डोळे हिरवे चमकतात ना? तोही असाच आरसा. पण माशाच्या आरशाचं रसायन वेगळं, आणि कुत्र्याच्या आरशात चक्क जस्त असतं. मासा आणि कुत्रा यांनी वेगवेगळ्या वाटेनं जाऊन एकच युक्ती शोधली. माणसाकडे ती नाही, म्हणून डोक्याला बांधायचे दिवे यादीत घाला.

एक आणखी. फार खोलातून ओढलेला वॉलाय परत सोडून उपयोग नसतो. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाकडे जाणारी नळी नसते. वर येताना हवा फुगते आणि बाहेर पडत नाही. ट्राउटला ती नळी असते, तो ढेकर देऊन मोकळा होतो. म्हणून वॉलाय उथळ पाण्यात धरायचा, आणि खायचे तेवढेच. मासेमारीचं लायसन्स आणि त्या वर्षीचे नियम बाबा बघतील.

गळाला वजन शिशाचं नको, टिनचं किंवा टंगस्टनचं आणा. कारण लून. तिथला हा काळापांढरा पक्षी अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतो. शिशाचा मणी त्याला खडाच वाटतो, आणि तसा एक मणीही त्याचा जीव घ्यायला पुरतो. लूनची बरीचशी हाडं इतर पक्ष्यांसारखी पोकळ नसतात, भरीव असतात, म्हणून तो खोल बुडी मारतो. पाय इतके मागे की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही.

आता वाघ्या. घाम फक्त पंजांना येतो आणि गारवा जिभेनं मिळवावा लागतो असा हा प्राणी, उघड्या होडीत दुपारी भाजून निघतो. त्याच्या जागेवर ओली चादर टाकायची, आणि खाली जुनी योगाची चटई, नाहीतर नखं घसरून तो बावरतो आणि सगळ्यांना पाण्यात पाडतो. लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घ्या, तिला धरून त्याला वर ओढता येतं. पोर्टेजवर सहा फुटांच्या आतल्या दोरीला बांधायचं, असा तिथला नियम. रात्री तंबूत, आपल्याबरोबर. त्या रानात लांडगे आहेत, आणि परक्या कुत्र्याला ते आपल्या हद्दीतला चोर समजतात. पाण्यावर हिरवी साय दिसली तर त्या काठाला वाघ्याला प्यायला सोडू नका. माशाची कच्ची आतडी त्याला घालू नका, त्यातून पट्टकृमी जातात. गळाच्या काट्यावरची अणी पकडीनं चेपून टाका. माशाचा वास लागलेला काटा त्याच्या दृष्टीनं खाऊच आहे.

पक्कड आणखी एका पाहुण्यासाठीही लागेल. तिथल्या साळिंदराच्या अंगावर तीसएक हजार काटे असतात. साळिंदर ते फेकतं, ही थाप आहे. पण काट्याच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारे उलटे दात असतात, त्यामुळे तो आत सहज शिरतो आणि बाहेर येताना मांस धरून ठेवतो. तुटका काटा स्नायूंच्या हालचालीनं आणखी आत सरकतो. तोंडात किंवा डोळ्याजवळ शिरले तर डॉक्टरच हवा. म्हणून मी नकाशावर जी वाट काढलीय तिच्या कुठल्याही मुक्कामापासून एका दिवसात गाडीपर्यंत परतता येतं. तुम्ही आखलेली लांबची वाट पुढच्या वर्षी.

या साळिंदराला मिठाचा भलता सोस. पाल्यात पोटॅशियम फार आणि सोडियम थोडं, म्हणून ते माणसाच्या घामाचं मीठ शोधत येतं आणि वल्ह्यांच्या मुठी कुरतडतं. रानातल्या उघड्या संडासाची बैठकसुद्धा सोडत नाही. हसू नका, रात्री वल्ही उंच टांगून ठेवायची ती याचसाठी.

खाणं अस्वलापासून राखायचं. एकतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं, नाहीतर जमिनीपासून बारा फूट उंच आणि खोडापासून सहा फूट लांब टांगायचं. वाघ्याचं खाणंही त्यातच. अस्वलाला कुणाचं ते कळत नाही. आणि टिनचे डबे, काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, तेव्हा आजीचं लोणचं बरणीतून काढून प्लास्टिकच्या डब्यात भरावं लागेल. हे तिला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.

यादीत आता पक्कड, दिवे, दोरी, टिनचे मणी आणि योगाची चटई लिहा. दोन प्रकारची बिस्किटं खोडा. मग अंगणात गवतावर कनू उतरवा आणि वाघ्याला तिच्यात नुसतं बसायला शिकवा. तो स्वतःहून चढून बसायला लागला की रविवारी जवळच्या लेक नोकोमिस तळ्यावर, काठाकाठानं. तिथे त्याने बदक पाहून उडी मारली तर कमरेएवढ्या पाण्यातच मारेल.