विद्यार्थ्यांच्या अंकातून आलेला हक्क

१५ डिसेंबर १८९०. अमेरिकेत 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'चा नवा अंक निघाला. नियतकालिक जेमतेम तीन वर्षांचं, आणि ते चालवणारे कायद्याचे विद्यार्थी. त्या अंकात बॉस्टनचे दोन वकील, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस, यांचा लेख होता. विषय होता खासगीपणाचा हक्क.

कोडॅकचा हाती धरता येणारा कॅमेरा दोनच वर्षांपूर्वी बाजारात आला होता. फोटोसाठी माणसाला समोर बसवून ठेवायची गरज उरली नव्हती. वर्तमानपत्रं घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणत होती. चोरी, मारहाण, बदनामी यांवर कायद्यात इलाज होता; पण कुणी नुसतंच आत डोकावलं तर? माणसाला त्याच्यापुरतं राहू देण्याचा हक्क जुन्या निवाड्यांत बीजरूपाने आहेच, असं या दोघांनी दाखवून दिलं.

न्यायालयांनी तो लगेच मानला नाही. पिठाच्या जाहिरातीवर परवानगीशिवाय फोटो छापल्याची एका तरुणीची तक्रार न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०२ मध्ये फेटाळली. लोक संतापले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. १९०५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क स्वीकारला.

भारतातली वाट याहून लांबची. १९६२ मध्ये खडक सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचं रात्री-अपरात्री घरी येणं बेकायदा ठरवलं. खासगीपणाला मात्र मूलभूत हक्क मानलं नाही. २०१२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी 'आधार'विरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात १८९० च्या त्या लेखाची दखल आहे.

बंगळुरूचं 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' आणि कोलकात्याचं 'एनयूजेएस लॉ रिव्ह्यू' ही 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'सारखीच विद्यार्थ्यांनी चालवलेली आपल्याकडची नियतकालिकं. लेखांची निवड विद्यार्थी-संपादक करतात, आणि तळटीपा मूळ निवाड्यांशी ताडून पाहण्याचं किचकट कामही त्यांचंच. वकील किंवा न्यायाधीश होण्याआधीच निवाडा ओळ न् ओळ वाचायची सवय त्यांना इथे लागते.

ही सवय आज फार गरजेची आहे, कारण खासगीपणाचा माहितीच्या अधिकाराशी सामना जुंपला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात व्यक्तिगत माहिती नाकारता येत होती. पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, हे पाहावं लागे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ही अट काढून टाकणारी दुरुस्ती केली. माहिती व्यक्तिगत आहे, एवढंच कारण पुरेसं ठरलं. मग एखाद्या अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा त्याच्यावरची शिस्तभंगाची कारवाई नागरिकाने विचारायची कशी?

खासगीपणावर बंधन घालताना कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय बेताचा हवा, ही कसोटी २०१७ च्याच निकालात आहे. नागरिकापासून माहिती राखून ठेवतानाही ती लावायला हवी. त्यासाठी माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) हाताशी आहे: जनहित वरचढ असेल, तर अशी माहिती देण्याची मुभा त्यात आजही आहे.