मध्यरात्रीचा सूर्य: एक वजाबाकी

उत्तर ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे आपण शाळेतच शिकतो. ‘पृथ्वीचा आस कललेला आहे’ एवढं लिहिलं की गुणही मिळतात. पण आस कलला म्हणून सूर्य रात्रभर वर कसा राहतो, ते त्या वाक्यातून कळत नाही. सफाळ्याच्या आकाशाकडे पाहिलं तर कळतं. सुरुवात मात्र ध्रुवताऱ्यापासून करायची.

गावाचा अक्षांश जेवढा, जवळपास तेवढ्याच अंशांवर तिथे ध्रुव दिसतो. सफाळ्यात तो साधारण 19.6 अंशांवर. हात लांब ताणून वीत पसरली की ती सुमारे 20 अंश भरते. म्हणजे वितेचं एक टोक उत्तर क्षितिजाला टेकवलं की दुसऱ्या टोकापाशी ध्रुव सापडतो. पावसाळा सरल्यावर, बोईसरकडचा उजेड आड येत नसेल तर, हे जरूर करून बघा.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाशातलं सगळंच ध्रुवाभोवती फिरताना दिसतं. त्याच्यापासून 19.6 अंशांच्या आतले तारे सफाळ्यात मावळतच नाहीत. फेरीच्या तळाशी आले तरी क्षितिजाच्या वरच असतात. सप्तर्षी त्याहून लांब, म्हणून मावळतात. नॉर्वेत ध्रुव इतका उंच असतो की तिथे सप्तर्षीही मावळत नाहीत.

सूर्यही असाच फिरतो, फक्त त्याचं ध्रुवापासूनचं अंतर वर्षभर बदलत राहतं. आसाचा कल कामाला येतो तो इथे. 23.4 अंश कललेला हा आस वर्षभर एकाच दिशेला रोखलेला असल्यामुळे त्याचं उत्तर टोक जूनमध्ये सूर्याकडे झुकतं, डिसेंबरमध्ये त्याच्यापासून दूर. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य ध्रुवापासून 90 अंशांवर असतो, 21 जूनच्या सुमारास 66.6 अंशांवर.

आता वजाबाकी. जूनमध्ये सफाळ्यात मध्यरात्री सूर्य ध्रुवाच्या बरोबर खाली, 66.6 अंशांवर. ध्रुवाची उंची 19.6. म्हणजे सूर्य उत्तर क्षितिजाच्या 47 अंश खाली, आणि रात्र चांगली काळीकुट्ट. लंडनमध्ये ध्रुव 51.5 अंशांवर असतो, त्यामुळे सूर्य जेमतेम 15 अंश खाली जातो. तिथल्या मराठी घरांत जूनमध्ये संध्याकाळचा दिवा लावायला रात्रीचे सव्वानऊ उजाडतात, आणि त्यानंतरही आकाश पुरतं काळं होत नाही. ध्रुव 66.6 अंशांवर आला की वजाबाकी शून्य होते. हेच आर्क्टिक वृत्त.

सूर्यास्ताच्या जागेवरूनही हे उमगतं. केळव्याच्या किंवा एडवणच्या किनाऱ्यावरून बघितलं तर डिसेंबरमध्ये सूर्य ऐन पश्चिमेच्या 25 अंश डावीकडे बुडतो, जूनमध्ये तेवढाच उजवीकडे (ढगांनी दिसू दिला तर). जूनमध्ये जसजसं उत्तरेला जावं तसतशा उगवतीच्या आणि मावळतीच्या जागा उत्तरेकडे सरकतात. आर्क्टिक वृत्तावर त्या ऐन उत्तरेला एकमेकींना भेटतात, मग मावळायला जागाच उरत नाही.

ऐन उत्तर ध्रुवावर ध्रुवतारा डोक्यावर असतो. तिथे सूर्य दिवसभर जवळपास एकाच उंचीवरून क्षितिजाला समांतर फिरतो आणि सहा महिने मावळत नाही. उगवण्याआधी कित्येक आठवडे नुसतं झुंजुमुंजू असतं. ऋग्वेदातली लांबलचक उषा हीच, असं लोकमान्य टिळकांनी 1903 च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये मांडलं. आर्यांचं मूळ स्थान आर्क्टिकमध्ये होतं हा त्यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी मानला नाही, पण ध्रुवीय दिवसरात्रीचं गणित समजून घ्यायला ते पुस्तक आजही वाचण्याजोगं आहे.

भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, 78.9 अक्षांशावर आहे. तिथे 21 जूनच्या मध्यरात्रीही सूर्य 12 अंश वर असतो. साधारण 18 एप्रिलपासून 24 ऑगस्टपर्यंत तो मावळत नाही. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ केंद्रांवर हेच डिसेंबरमध्ये घडतं, आणि गोव्यात वास्कोहून चालवल्या जाणाऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमांचं उन्हाळी काम नोव्हेंबर ते मार्च याच काळात उरकतात.